डावा पुढचा

कागदावर त्याचं नाव सॉव्हरिन टाइड.
तबेल्यात बाब्या.
माझ्या वहीत नुसती मापं :
डावा पुढचा सव्वापाच, उजवा पाच आणि थोडं,
मागचे दोन्ही सारखे.

दोन वर्षांचा असताना आला पुण्याच्या स्टडवरून.
कुमैत, कपाळ कोरं,
मागचा एकच पाय पांढरा.
मिरजेत माझे वडील असल्याला अर्जल म्हणायचे,
दारात बांधू नये म्हणायचे.
मालक बुर्लाशेट, सोलापूरचे चादरवाले, ऐकून हसले :
एक धागा वेगळा नसेल
तर चादर ओळखायची कशी, नालबंद?

सगळे घोड्याचं तोंड बघतात.
मी पंचवीस वर्षं वाकून, खालून बघत आलो.
पाय मांडीवर घेतला की कळतं.
काही ओढून घेतात, काही सगळं अंग टाकतात.
यानं दिला तो उसना दिल्यासारखा,
काम कर आणि परत कर.

पहिली शर्यत हरला, दुसरीही.
भिवा मोतद्दार म्हणे, घोडं पेंड कुठं खातंय तेच कळंना.
पेंड खात होतं डाव्या पुढच्यात.
खुराची भिंत पापुद्र्याएवढी,
खिळा अर्धा सूत आत गेला तरी ठणकायचा.
मी सहाचे पाच खिळे केले.
ट्रेनरसाहेबांना बोललो नाही.

मग जिंकतच सुटला.
पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात महालक्ष्मी,
मधे घाट, गाडीत उभ्या उभ्या झोप.
कप किती ते शेटना विचारा.
मला विचाराल तर नाल एकशे बारा,
शर्यतीच्या प्लेटा वेगळ्या.

डर्बीच्या रविवारी मी स्टँडमागे, पाण्याच्या टाकीपाशी.
मी शर्यत बघत नाही, ऐकतो.
हाजीअलीकडून वारा होता.
शेवटच्या वळणानंतर
चौदा घोड्यांच्या गडगडाटात एक पाय वेगळा पडला.
छप्पन टापांतून? हो.
शाळा सुटताना शंभर पोरं ओरडतात,
आपलं रडलं तर कळत नाही का?
डावा पुढचा.
अनवाणी.
तरी पळत होता.
मानेच्या अंतरानं जिंकला.

रात्री शेटनी नाल मागितला, चांदीत मढवायला.
साहेबांनी मागितला.
जॉकी लॉरीनं आईच्या दारासाठी, माझगावला.
कँटीनच्या शेणॉयनं, गल्ल्यावर लावायला.
नाही कुणाला म्हणायचं?
आज मुंबईत त्या डर्बीचे सहा डावे पुढचे आहेत.
त्यातला एकही त्याचा नाही.

पुढच्या हिवाळ्यात नस सुजली,
त्याच पायाची, गुडघ्याखाली.
पाच वेळा धावला, एकदा तिसरा.
लोक म्हणाले, शेवटी अर्जल तो अर्जल.
पांढरा पाय मागचा होता, गेला पुढचा,
पण कोण कुणाला सांगणार.
सहावा खिळा असता तर प्लेट टिकली असती.
सहावा असता तर तो धावलाच नसता.
हा हिशेब मी कुणापुढे मांडलेला नाही.

एप्रिलात स्टडला परत धाडायचं ठरलं.
मला बोलावलं नाल काढायला.
चारही काढले.
त्यानं पाय फरशीवर ठेवला, उचलला,
पुन्हा ठेवला, कुणीतरी जमीन बदलल्यासारखा.
भिवा पाठ करून बादली घासत राहिला,
बादली कधीच स्वच्छ झाली होती.
गाडीच्या फळीवर टापा वाजल्या नाहीत,
मऊ, ओलं काही आपटल्यासारखं झालं.
डोळे मिटून असतो
तर मला ओळखू आला नसता.

माळ्याला अजून विचारतो,
गवत कापताना यंत्राला काही लागलं का.
अॅल्युमिनियम गंजत नाही.
वळणापलीकडे असेल बोटभर मातीखाली,
पाच भोकांत पाच खिळे, सहावं भोक मोकळं.
सकाळी तिथून माणसं फिरायला जातात,
जाड तळव्यांचे बूट घालून.